बीडीडीतली आपली माणसं एकेक करून गेली, त्यांची नावं आता कुठे लिहायची?

डिलाईलरोडकर

परवा रात्री चाळीच्या ग्रुपवर मेसेज आला, तिसऱ्या मजल्यावरच्या खानावळवाल्या काकी गेल्या. मी कामावरून येत होतो, लोकलमध्ये दिवा स्टेशनच्या पुढे कुठेतरी वाचला. खाली सलग पन्नास-साठ जणांचं 'भावपूर्ण श्रद्धांजली', मीपण तेच टाकलं. सकाळी उठून बघतो तर त्याच्यावर भाड्याच्या चेकचे मेसेज, कोणाचातरी वाढदिवस, केक. काकींचा मेसेज शोधायला बोटाने किती वेळ वर सरकवत बसलो. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आम्ही ना. म. जोशी मार्गच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळीतले. आमच्या तोंडी अजून डिलाईल रोडच. तळमजला धरून चार मजले, मजल्याला २० खोल्या, म्हणजे एका इमारतीत ८० बिऱ्हाडं आणि खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासासाठी इमारत रिकामी केली, काही जण संक्रमण शिबिरात, काही भाडं घेऊन डोंबिवली-कल्याण-बदलापूर, म्हातारी माणसं बरीचशी गावी. इमारत सोडल्यापासून सहा जण गेले. सहापैकी दोघांच्याच अंत्ययात्रेला मी पोचू शकलो, एकाचं तर दहावं झाल्यावर कळलं.

जिन्यापाशी आपला फळा होता आठवतो ना? पाणी कधी जाणार, सत्यनारायणाची वर्गणी, दहावीला कोणाला किती टक्के पडले, सगळं त्याच्यावर. आणि कोणी गेलं की खडूने तेही. नाव, खोली नंबर, किती वाजता निघणार. ते दहाव्यापर्यंत कोणी पुसायचं नाही, पोरं क्रिकेटचा स्कोअर लिहायची तेसुद्धा खाली कोपऱ्यात. फळा इमारत सोडताना कोणी नेला माहीत नाही.

तर प्रश्न असा की या सहा जणांना लिहायचं कुठे? नि लिहायचं काय? फ्लेक्स नको, तो पावसात फाटतो नि नाक्यावरच्या फ्लेक्सवर गेलेल्या माणसापेक्षा शोकाकुल लोकांचे फोटो मोठे असतात. माझ्या मनात आहे की प्रत्येकाबद्दल एक पान तरी व्हावं. पण काय लिहायचं ते सुचत नाही, 'मनमिळाऊ स्वभावाचे होते' हे तर सगळ्यांबद्दलच लिहितात.

भोंगा_सातचा

काकींना जाऊन चार दिवस नाही झाले नि मी हे वाचतोय, हात थरथरतोय टाईप करताना.

माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते आणि लग्न होईपर्यंत काकींकडेच जेवायचे, महिन्याच्या हिशोबावर. त्या एवढ्याशा खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने जेवायचे, पहिल्या पाळीवाल्यांचे डबे पहाटे, रातपाळीवाले आले की त्यांची ताटं. संप झाला तेव्हा मी लहान होतो. १८ जानेवारी १९८२. अडीच लाखाच्या आसपास माणूस घरी बसलेला. पगार नाही तर खानावळीचे पैसे कुठून देणार. निम्मे गडी गावी गेले, जे राहिले त्यांना काकींनी जेवायला घालणं बंद केलं नाही. वाटी लहान झाली, कालवणात पाणी वाढलं, पण ताट आलं. वडील सांगायचे की पाटल्या गेल्या तिच्या त्याच्यात, आणि नंतर काहींनी पैसे फेडले, काहींनी नाहीच. तिने कधी जिन्यात उभं करून मागितले नाहीत.

ही गोष्ट लिही. 'मनमिळाऊ' नको लिहूस, कालवणात पाणी वाढलं ते लिही.

सुप्रिया_पहिला_मजला

वरच्याला शंभर टक्के अनुमोदन. आणि एक भर, प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ना, बँकेचं कर्ज सावकाराशिवाय मिळायला लागलं, त्यात आपल्या काकीपण होत्या. सही करायला तिथेच शिकल्या. मला दाखवली होती त्यांनी सही, बोट ठेवून, एकेक अक्षर.

पण आता मला जे टोचतंय ते लिहिते. धागा वाचून मी ग्रुपवरचा मेसेज परत बघितला. 'अमुक अमुक यांच्या मातोश्री यांचे दुःखद निधन'. अमुक अमुकचं नाव आहे, आडनाव आहे, तो कुठल्या बँकेत आहे तेही आहे. काकींचं नाव नाही!! ग्रुपवर विचारलं, काकींचं नाव काय होतं? अर्धा तास कोणाला सांगता आलं नाही. चाळीस वर्षं ज्यांच्या हातचं खाल्लं त्यांचं नाव माहीत नाही आपल्याला. फळ्यावरसुद्धा तेच असायचं, डिलाईलरोडकर, तुला फळा फार आठवतोय म्हणून सांगते. कोणाची तरी आई, कोणाची तरी पत्नी, नाहीतर गं. भा. करून पुढे नवऱ्याचं नाव. पान करायचं तर पहिल्या ओळीत बाईचं स्वतःचं नाव पाहिजे.

डिलाईलरोडकर

@सुप्रिया, बरोबर आहे. मलाही माहीत नव्हतं, काल त्यांच्या मुलाला फोन करून विचारलं. पानावर पहिलं तेच येईल.

कंदी_पेढा

सहा जणांत आण्णापण आले ना? आण्णांबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून.

जोशीमार्ग_कट्टा

आण्णांबद्दल मी लिहितो, थोडं लांबेल.

चाळीत कोणी गेलं की पहिली हाक आण्णांना. रात्री दोनला मारा नाहीतर ऐन गणपतीत, माणूस शर्ट घालत घालत जिना उतरायचा. घरच्यांना रडू द्यायचे आणि बाजूला एकाला घेऊन विचारायचे, दाखला मिळाला का डॉक्टरचा? कारण तो कागद नसेल तर स्मशानात नोंद होत नाही, आणि घरी गेलेल्या माणसाचा दाखला द्यायला डॉक्टर तयार नसला की पुढे पोलीस वगैरे. हे आपल्याला त्या वेळी सुचतच नाही. मग गावी फोन कोणी करायचा, थोरला मुलगा किती वाजता पोचेल, त्याच्यासाठी थांबायचं का, सगळं तेच बघायचे. मग खाली चौकात बसून बांबू. दोन लांबडे, मध्ये आडव्या कामट्या, सुतळी. साच्यावर हयात गेलेला माणूस, दोरा किती ताणला की तुटतो हे त्यांच्या बोटांना ठाऊक. आम्ही पोरं नुसती सुतळी धरायचो. त्यांनी बांधलेली तिरडी जिन्याच्या वळणावर कधी कुरकुरली नाही, आणि बीडीडीचा जिना ज्यांनी उतरलाय त्यांना माहितीये तिथे चौघांना वळायला काय होतं.

एकदा मी विचारलं, आण्णा, भीती नाही वाटत? तर म्हणाले, अरे काल याच्याबरोबर चहा प्यायलो, आज त्याची भीती कशी वाटेल.

ते स्वतः गेले कल्याणला, भाड्याच्या जागेत. आम्ही सात-आठ जण पोचलो. नि तिथे कोणाला तिरडी बांधता येईना. इतकी वर्षं सुतळी धरली पण बांधली एकानेही नव्हती. शेवटी शववाहिकेवाल्याच्या लोखंडी स्ट्रेचरवरून नेलं. ज्यांनी अख्ख्या इमारतीला खांदा दिला त्यांना बांबूसुद्धा मिळाला नाही आमच्याकडून. हे मला आयुष्यभर राहणार.

कंदी_पेढा

😢 वाचवत नाही पुढे.

निळी_पहाट

नायगाव बीडीडीतून लिहितोय. तुमच्या इमारतीतला नाही पण भोईवाड्याच्या स्मशानात आण्णांना दोन-तीनदा बघितलंय, तिथले कर्मचारीसुद्धा ओळखायचे त्यांना.

धागा चांगला आहे, एक विनंती. पानं लिहाल तेव्हा सरसकट सगळ्यांच्या नावामागे 'कै.' लावू नका. माझे वडील गेले तेव्हा सोसायटीने नोटीस लावली 'कैलासवासी', आम्ही बौद्ध, आमच्यात कालकथित लिहितात. आणि कार्यक्रम तेराव्याचा नाही, जलदान विधी आणि पुण्यानुमोदन. मी नोटीस काढून परत लिहून लावली, भांडलो नाही कोणाशी, लिहिणाऱ्याच्या मनात काही नव्हतं हे कळत होतं. पण वडील आयुष्यभर ज्याच्यासाठी उभे राहिले ते एका अक्षरात पुसलं गेल्यासारखं झालं. तुमच्या सहा जणांत कोणी असतील तर घरच्यांना विचारून लिहा.

सुप्रिया_पहिला_मजला

आहेत, तळमजल्यावरचे गुरुजी. नाइट स्कूलला शिकवायचे. बरं झालं सांगितलंत, आमच्या ग्रुपवर त्यांनाही कै. च लिहिलं होतं, आणि त्यांच्या मुलीने काही न बोलता ग्रुप सोडला. आज कळलं का सोडला ते. मी फोन करते तिला.

टोरांटोची_माई

मी १९९८ पासून बाहेर आहे, पण जन्म डिलाईल रोडचा. इथे मेसेज येतो तेव्हा तिकडे सकाळ नि माझी रात्र. एकटीच किचनमध्ये उभी राहून वाचते, ज्याला सांगावं असं घरात कोणी नाही, कारण नवऱ्याने नि मुलांनी यातल्या कोणाला पाहिलेलंच नाही. त्यांना काय सांगू, खानावळवाली काकी म्हणजे कोण? नात्याने कोणीच नाही. सुतक नाही, सुट्टी नाही.

माझी आई २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली, करोनात. २० पेक्षा जास्त माणसं चालत नव्हती अंत्यविधीला, तिच्या वेळी तर चारच होते. मी व्हिडिओवर. चाळीत कोणी गेलं की गॅलरीत माणसं मावायची नाहीत, हे बघत मोठी झालेली मी, आणि माझ्या आईला चार जण. त्या चारात एक आण्णा होते, हे मला आत्ता या धाग्यावर लिहायलाच हवं. वय सत्तरीच्या पुढे, सगळे नको म्हणत असताना. सुरक्षित अंतर ठेवून चालले म्हणे मागून भोईवाड्यापर्यंत.

सहाच जणांची पानं का? माझ्या आईच्या वेळचे पण घ्या ना. त्या दोन वर्षांत गेलेल्यांना कोणी नीट निरोपच दिला नाही.

डिलाईलरोडकर

घेऊया माई. नक्की घेऊया.

कबड्डीवाला

ग्रुपमधला पोरगा आपला, उजव्या कोपऱ्याचा, त्याच्याबद्दल कोण लिहिणार? चौतिसाव्या वर्षी गेला. त्याने घोटा पकडला की चढाईवाला सुटायचा नाही, मातीवर असो की मॅटवर. प्रभादेवीच्या स्पर्धेत खांदा निखळलेला असताना शेवटची पकड त्याची. आणि सकाळी सहाला लहान पोरांना घेऊन ग्राउंडवर, एक रुपया न घेता.

जोशीमार्ग_कट्टा

त्याच्याबद्दल थांब जरा. त्याच्या आईला विचारल्याशिवाय काही लिहू नका. तो गेला तेव्हा काय काय मेसेज फिरले, जिममुळे, अमक्यामुळे, तमक्यामुळे. तिने सगळं वाचलंय. कसा गेला ते एक अक्षर नको, कसा खेळायचा ते लिहा.

कबड्डीवाला

मान्य. पकडीबद्दलच लिहीन. आणि आधी तिला वाचून दाखवीन.

संपात_होतो

एवढ्या सगळ्यांनी लिहिलं, म्हणून आता मीपण बोलतो. सहाव्या माणसाबद्दल कोणीच काही लिहीत नाहीये नि मला माहितीये का ते. दुसऱ्या मजल्यावरचे मुकादम. ते संप मोडून गिरणीत कामावर आत गेले होते.

पान करताय तर त्यांचंही करणार का? करणार असाल तर काय लिहिणार? माझ्या वडिलांनी शेवटपर्यंत संप सोडला नाही, नोकरी गेली ती गेलीच, नंतर लोअर परेल स्टेशनबाहेर भाजी विकली. हे गृहस्थ संपाच्या नवव्या महिन्यात पोलिसांच्या गाडीतून गिरणीच्या गेटच्या आत. मी गॅलरीतून बघितलंय. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, मीपण इतके दिवस बोललो नाही. पण 'कष्टाळू, सर्वांच्या मदतीला धावून जाणारे' असं काही छापलंत तर माझ्या वडिलांचं पान मला नको.

भोंगा_सातचा

दादा, त्यांची धाकटी मुलगी त्या वेळी केईएमला अॅडमिट होती. म्हणून गेले ते आत.

संपात_होतो

माझी बहीणपण आजारी होती.

भोंगा_सातचा

…

कंदी_पेढा

यावर काय बोलावं कळत नाही. आमच्या घरी त्यांच्याशी बोलणं बंद होतं, पण ते रोज सकाळी जिन्यातला दिवा बंद करायचे नि संध्याकाळी लावायचे, कोणी सांगितलेलं नसताना, तीस वर्षं. एवढंच मला माहितीये त्यांच्याबद्दल.

वरळीची_चावी

विषय बदलतेय त्याबद्दल माफ करा, पण जोशीमार्ग_कट्टांनी जिन्याबद्दल लिहिलं म्हणून आठवलं. माझ्या मावशीला वरळी बीडीडीच्या नव्या इमारतीत घराची चावी मिळाली, ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना मिळाली त्यांच्यात. ५०० फुटांचं घर, सुंदर आहे, मावशी पहिल्यांदा घरातल्या घरात बाथरूमला जाते. पण ती पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये उभी राहून मला विचारते काय, अगं ४० मजल्यांची इमारत, यातून माणसाला आडवं कसं नेतील? मी हसण्यावारी न्यायला गेले तर म्हणाली खरंच विचारतेय. मग आम्ही वॉचमनला विचारलं, मोठी लिफ्ट वेगळी आहे, स्ट्रेचर मावतो. ती तिने स्वतः आत जाऊन बघितली, हात पसरून मोजली, मग तिला बरं वाटलं.

टोरांटोची_माई

तुमच्या मावशीला माझा नमस्कार सांगा. माझ्या आईने हेच केलं असतं.

निळी_पहाट

नवीन इमारतीत तळमजल्याला एक भिंत मागून घ्या म्हणजे झालं. सोसायटीच्या ठरावात घालून. नंतर मागितली तर तिथे जाहिरातीचा टीव्ही लागलेला असेल. फळा लावा, खडूचाच.

जोशीमार्ग_कट्टा

फळा ठीक आहे, पण फळ्यावरचं पुसतात. डिलाईलरोडकरचा प्रश्न पुसलं न जाण्याचा आहे.

आण्णांची_लेक

नमस्कार. भावाने लिंक पाठवली, दोन दिवस वाचतेय, आज खातं उघडलं. कट्टादादा, लोखंडी स्ट्रेचरचं मनाला लावून घेऊ नका. आण्णा असते तर म्हणाले असते, वेळेत निघालात ना, मग झालं.

एक सांगायचं होतं. आण्णांची एक वही माझ्याकडे आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, खाकी कव्हर. आम्हाला वाटायचं हिशोबाची आहे आणि आहेसुद्धा, बांबू इतके, सुतळी, मडकं, कापड, कोणी किती दिले, किती परत केले. लाकडं पालिकेची, म्हणून त्याचा खर्च नाही. पण प्रत्येक नोंदीच्या वर नाव, खोली नंबर, तारीख, किती वाजता निघालो. पहिली नोंद १९८७ ची. खाली कुठेकुठे एखादी ओळ आहे. 'पाऊस फार. करी रोडचा पूल पायी.' 'मुलगा पुण्याहून ४ ला आला, थांबलो.' एका ठिकाणी नुसतं 'लहान' एवढंच लिहिलंय, त्याच्यापुढे खर्च आण्णांनी स्वतःचा टाकलाय.

सुप्रिया, बायकांची नावं आहेत गं वहीत. स्वतःची. स्मशानात नोंद करताना विचारतात ना, त्यामुळे आण्णांना घरच्यांकडून पूर्ण नाव घ्यावंच लागायचं, तेच वहीत आलंय. माईंच्या आईंचं पण आहे, २०२१ च्या पानावर. खाली लिहिलंय 'चौघे. मुलगी फोनवर होती. फोन मी धरला.'

टोरांटोची_माई

फोन त्यांनी धरला होता?

मला आजपर्यंत वाटत होतं की अॅम्ब्युलन्सवाल्याने धरला. फोन हलत नव्हता अजिबात. मी नंतर सगळ्यांना विचारलं होतं, कोणाला आठवत नव्हतं.

सुप्रिया_पहिला_मजला

माई 🫂

आण्णांची_लेक

शेवटची नोंद माझ्या आईची आहे, इमारत सोडायच्या आधीच्या वर्षीची. तिच्यात खर्च लिहिलेला नाही. त्याच्यापुढे साठेक पानं कोरी आहेत. आण्णा स्वतः आणि नंतरचे पाच जण त्यात नाहीत. मी आण्णांचं लिहायला दोनदा बसले, तारीख नि वेळ लिहिली, खालची ओळ काय लिहायची ते जमलं नाही.

डिलाईलरोडकर

ताई, मला वाटतं माझ्या प्रश्नाचं उत्तर वहीतच आहे. वेगळी पानं नि पुस्तक छापणं वगैरे काही नको. त्याच वहीत, त्याच पद्धतीने. नाव, खोली, तारीख, वेळ, आणि खाली जे खरं आहे ते एक-दोन ओळी. काकींखाली 'संपात ताट बंद केलं नाही'. गुरुजींच्या नावामागे कालकथित, मुलीला विचारून. आण्णांची ओळ कट्टा लिहील. आणि वहीचे फोटो काढून ग्रुपवर नको, फक्त ज्यांच्या घरचं पान आहे त्यांना पाठवू.

तुम्हाला चालणार असेल तर येत्या रविवारी आम्ही कल्याणला येतो.

जोशीमार्ग_कट्टा

मी लिहीन. 'बांबू मिळाला नाही' हेच लिहीन, ताई, तुम्ही नको म्हणालात तरी. आणि माझ्या ओळखीचा एक जण आहे काळाचौकीला, अजून बांधतो. चार पोरांना घेऊन जातोय त्याच्याकडे शिकायला, कबड्डीवाला पण येतोय.

आण्णांची_लेक

या सगळे, जेवायलाच या. कल्याण पूर्वेला उतरा, तिथून रिक्षा. पेन निळं आणा, आण्णांनी सगळं निळ्यात लिहिलंय.

कंदी_पेढा

मुकादमांच्या नातवाचा नंबर आहे माझ्याकडे. त्याला विचारू का, त्यांची तारीख नि वेळ?

संपात_होतो

विचारा. दिव्याचं लिहा, ते मीही बघितलंय. पण गेटच्या आत कुठल्या महिन्यात गेले तेही लिहा. आणि त्यांच्या मुलीचं नाव विचारा, ती पुढे वाचली का ते मला कधीच कळलं नाही.